फ्लोट ट्यूबसाठी रॉड आणि रील घेताना

नमस्कार मंडळी. हा माझा मासेमारीचा नऊ फुटी रॉड. टोकापासून फूटभर खाली, इथं, तुटलाय. कॅलिफोर्नियातल्या क्राउली लेकवर मासा अगदी हातभर अंतरावर आला होता आणि कडकन आवाज आला.

आपल्याकडे धरणावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे मच्छीमार तुम्ही पाहिले असतील. अमेरिकेतली फ्लोट ट्यूबही आधी तशीच होती, ट्रकच्या ट्यूबवर शिवलेली कापडी बैठक. आता ती यू आकाराची मिळते. कमरेपर्यंत पाण्यात बसायचं, पायात पोहायचे फिन घालायचे आणि पाठीच्या दिशेनं सरकत राहायचं.

सगळा प्रश्न या बसण्याचा आहे. तुम्ही पाण्याला लागून बसता, म्हणून मागे फेकलेली लाईन पाण्यावर आपटते. त्यासाठी फ्लाय रॉड, म्हणजे किड्यासारखं हलकं आमिष लाईनच्या वजनाने फेकणारा रॉड, लांब हवा, नऊ ते दहा फूट, ट्राउट माशासाठी पाच किंवा सहा नंबरचा (हा नंबर लाईनच्या वजनाचा). पण मासा शेवटी तुमच्या मांडीजवळच येतो. तेव्हा आपण लांब रॉड खांद्यामागे खेचतो आणि सगळा बाक नाजूक टोकात उतरतो. माझा तिथेच गेला.

दुकानात सगळ्यात हलका, सगळ्यात ताठ रॉड हातात देतात. हाय मॉड्युलस, म्हणजे जास्त ताठ, कार्बनचा. फेकायला सुरेख, पण ठिसूळ. लाईनवरची वजनाची गोळी टणकन लागली की बारीक चीर पडते आणि महिन्याभराने तो भर माशावर तुटतो. ट्यूबसाठी मी मध्यम ताठपणाचा कार्बन किंवा काचतंतू मिसळलेला रॉड घ्यायला सांगेन. स्पिनिंगवाल्यांनी, म्हणजे आमिषाच्याच वजनाने लाईन फेकणाऱ्यांनी, साडेसहा-सात फुटी घ्यावा. १९७६ पासून मिळणारी अग्ली स्टिक ही कार्बन आणि काचतंतूच्या मिश्रणाचीच. जड आहे, मान्य. पण ट्यूबमध्ये बराच वेळ आपण लाईन पाण्यात सोडून नुसते पाय मारत असतो, त्यामुळे हात भरून येत नाही.

मासा जवळ आला की मूठ उभ्या रेषेच्या मागे नेऊ नका, रॉड आडवा फिरवा. आणि मासा उचलायला लांब दांड्याची जाळी ठेवा. हे मी फार उशिरा शिकलो.

आता रील. मांडीवरच्या जाळीदार पट्टीवरून तो दिवसभरात किती वेळा पाण्यात जातो, मोजून बघा. काठावर ट्यूबमध्ये शिरताना वाळूतही टेकतो. म्हणून ड्रॅग, म्हणजे मासा लाईन ओढतो तेव्हा लागणारा रीलचा ब्रेक, सीलबंद हवा, म्हणजे पाणी आणि रेती आत जाणार नाही. बॉडी ओतीव धातूपेक्षा अखंड ॲल्युमिनियम कातून केलेली असेल तर आपटल्यावर सहज तडकत नाही. स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चकरी, मात्र हत्यार न लावता निघायला हवा. पाण्यात बसून स्क्रू ड्रायव्हर कुठे शोधणार?

दुकानात हे करून बघा. ड्रॅग थोडा आवळा आणि लाईन हाताने हळू ओढा. सुरुवातीला अडकून मग झटक्याने सुटत असेल, तर तो रील परत ठेवा. पहिल्याच धावेला बारीक लाईन तुटेल.

आणि रॉड-रील दोन्ही दोरीने ट्यूबला बांधा. क्राउलीवर दुपारी वारा सुटतो, दोन्ही हात लागतात, आणि तिथं निसटलेला रॉड थेट तळाशी जातो.