गाझानचा दिरहम: एका नाण्यावर तीन लिपी

(दृश्य: नाण्याची मागची बाजू, अगदी जवळून)

चांदीचे हे नाणे इराणमधील इलखानी राज्याचा मंगोल शासक गाझान महमूद याचे आहे. उइघुर लिपीतल्या या मंगोल ओळींचा अर्थ ‘आकाशदेवाच्या सामर्थ्याने गाझानने पाडलेले’ असा होतो, तर मधल्या ओळीत त्याचे नाव अरबीत आहे. इलखानी राज्याचा संस्थापक हुलागू याचा हा पणतू १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारून गादीवर आला. तरीही कलमा एका बाजूला आणि पूर्वजांचा आकाशदेव टेंग्री दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्याच्या नाण्यांवर झालेली दिसते. शेजारची चौकोनी वळणाची अक्षरे फाग्स-पा लिपीतली आहेत. चीनवर राज्य करणारा मंगोल सम्राट कुब्लाई खान याच्यासाठी तिबेटी लिपीवरून घडवलेली ही लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, म्हणजे देवनागरीची दूरची नातलग ठरते.

(दृश्य: ठसा, चकती, घण)

चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून घणाचा घाव घालत. घाव कलला, तर लेखाचा काही भाग उठतच नसे. चकती ठशाहून लहान पडली, तर कडेचा मजकूर बाहेर जाई. हिजरी वर्षही अंकांत न देता शब्दांत, आधी एकक, मग दशक, मग शतक, असे लिहिलेले असल्यामुळे एक शब्द पुसट झाला तरी वर्ष हातचे जाते. म्हणूनच टांकसाळ आणि वर्ष दोन्ही स्वच्छ वाचता येणाऱ्या नाण्यासाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात, आणि ते योग्यच आहे.

(दृश्य: तराजू)

गाझानपूर्वी टांकसाळीगणिक वजन बदलत असे. आधीचा इलखानी शासक गैखातू याने तर १२९४ मध्ये राजधानी तबरिझला चिनी धर्तीचे कागदी चलन सक्तीने आणले. बाजार ठप्प झाला आणि ते लवकरच मागे घ्यावे लागले. त्यानंतर गाझानने दिरहमाचे वजन सुमारे २.१६ ग्रॅम ठरवले, त्याच्या दुप्पट वजनाचे नाणे पाडले आणि सहा दिरहमांचा चांदीचा दिनारही काढला. पुढे नंतरचा इलखानी शासक अबू सईद याच्या काळात वजन पुन्हा टप्प्याटप्प्याने उतरले.

(दृश्य: मातीसकट एकत्र चिकटलेली नाणी)

एकत्र सापडलेल्या अशा निधीवरून कोणत्या टांकसाळीचे नाणे कुठवर पोहोचले आणि निधी साधारण केव्हा पुरला गेला, हे ताडता येते. विक्रीसाठी तो फोडून नाणी धुतली, की सुट्या नाण्यावर फक्त टांकसाळ आणि वर्ष उरते.