वर्धा रोड, प्लग-इन हायब्रिड आणि एसटीचे काका

नमस्कार श्रोतेहो. आज गाडीबद्दल बोलायचंय, प्लग-इन हायब्रिडबद्दल. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि प्लगवर चार्ज होणारी बॅटरीही आहे अशी गाडी. आपल्या नागपुरात अजून कमी दिसतात, महाग आहेत, पण ज्यांच्याकडे आहे त्यातले कित्येक जण प्लगच लावत नाहीत आणि मग म्हणतात ॲव्हरेज येत नाही, आणि मला खरंच वाईट वाटतं हो, एवढी चांगली मशीन वाया जाते. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. 2024 मध्ये युरोपियन कमिशननं रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा काढला, तर या गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. मुख्य कारण हेच, लोक गाडी पुरेशी चार्ज करत नाहीत.

तर आमच्या बुटीबोरीच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांकडे अशी गाडी आहे. राहायला सिव्हिल लाईन्स, मी राहाटे कॉलनीच्या चौकातून त्यांच्यासोबत बसतो. सुरुवातीला साहेब स्वतः चालवायचे. रात्री घरी चार्जिंग, सकाळी बॅटरी फुल. निघाले की सिग्नल सुटला रे सुटला पाय दाबायचा, मग नुसती मोटर पुरत नाही, इंजिन जागं होतं. शहराच्या टोकाची खापरी सोडली की शंभर, एकशे दहा, आणि तेही सगळं विजेवर. बुटीबोरी येईपर्यंत बॅटरी संपलेली. संध्याकाळी परत येताना अजनीच्या गर्दीत, रांगत रांगत, पूर्ण पेट्रोल. म्हणजे इंजिन जिथं सगळ्यात जास्त पितं तिथंच इंजिन, आणि मोटर जिथं सगळ्यात भारी चालते तिथं मोटर नाही!

मग साहेबांनी ड्रायव्हर ठेवला. काका एसटीतून रिटायर झालेले, सगळी नोकरी विदर्भातल्या डेपोंमध्ये. एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरमागे किती किलोमीटर असा ठेवतात आणि तो आकडा ड्रायव्हरच्या नावावर लागतो, त्यामुळे त्या माणसाच्या पायातच काटकसर. पहिल्या दिवशी काकांनी गाडीचे फीचर विचारले नाहीत. एवढंच विचारलं, "साहेब, जाऊन येऊन किती किलोमीटर? अन् वीज किती पुरते?"

साहेब म्हणाले, साठेक किलोमीटर, आणि वीज चाळीसेक.

"मंग वीस किलोमीटर पेट्रोलवर जाणारच जी. ते कुठं जाळायचे ते आपण ठरवू, गाडीले नाही ठरवू द्यायचं."

श्रोतेहो, हे परत सांगतो, कारण सगळी गोष्ट यातच आहे. पेट्रोल कुठं जाळायचं ते आपण ठरवायचं.

काकांनी काय केलं, सिव्हिल लाईन्स ते खापरी पूर्ण विजेवर. सीताबर्डी, लोकमत चौक, अजनी, सगळे सिग्नल विजेवर. खापरी सुटली की होल्डचं बटन दाबायचं, म्हणजे बॅटरी आहे तेवढी राहते आणि इंजिन चालतं. एकदा सुरू झालेलं इंजिन जामठा पार करून एमआयडीसीपर्यंत एका लयीत चालू, ऐंशीवर, कारण थंड इंजिन पुन्हा पुन्हा चालू-बंद करण्यात जास्त पेट्रोल जातं. आणि ऐंशीच का, तर ऐंशीवरून शंभरवर गेलात की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, वेळ वाचतो दोन-तीन मिनिटं. संध्याकाळी परत तसंच, हायवेला होल्ड, शहरात वीज.

आणि ब्रेक! आता वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, तो 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल सगळ्यांना माहीत आहे. पूल उतरायला लागलो की काका खूप आधी ॲक्सिलरेटर सोडायचे. मी एकदा विचारलं, काका, मागचा हॉर्न वाजवून राहिला, काहून एवढ्या लवकर पाय काढला? तर स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा न भाऊ, गाडी भरून राहिली. ब्रेक पायानं नाही, डोळ्यानं लागते." खरंच, पाय काढला किंवा ब्रेक हलका दाबला की मोटरच जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत येते. शेवटच्या क्षणी कचकन दाबला की बरीचशी शक्ती ब्रेक पॅडच्या उष्णतेत जाते. म्हणून लांब पाहा, लवकर सोडा, हळू दाबा. लांब पाहा, लवकर सोडा. टोयोटाची हायरायडर किंवा हायक्रॉस असेल, प्लग नसलेली हायब्रिड, तरी हे तुम्हालाही लागू आहे. (आणि हे हॉर्नचं मला पटतच नाही, समोर लाल सिग्नल दिसतोय तरी मागून पॅं पॅं, यानं सिग्नल हिरवा होत नाही राजेहो.)

पण सगळ्यात मोठं काम काकांनी गाडीच्या बाहेर केलं. मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं, पार्किंगमध्ये पंधरा ॲम्पियरचा पॉइंट मागितला. त्यानं लोड पाहिला, अर्थिंग तपासलं आणि लावून दिला. बॅटरी लहान, चार-पाच तासांत फुल, ड्युटी तर आठ तासांची. झालं, जाताना चाळीस, येताना चाळीस, आणि रस्ता तीस-तीसचा! होल्डचं बटन दाबायची गरजच उरली नाही. साहेब काकांना म्हणाले, "काका, हे मला सुचायला पाहिजे होतं." काका म्हणाले, "तुमाले दुसरे लय कामं आहेत जी." ऑफिसमध्ये प्लग मागायला लाजू नका, एवढंच सांगतो.

आता राहिलेलं भराभर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर, तेव्हा एसी सगळ्यात जास्त वीज खातो तो तापलेली गाडी थंड करताना. म्हणून प्लग लागलेला असतानाच एसी सुरू करून गाडी थंड करा, ती वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नाही. गाडी कडुनिंबाखाली लावा. आणि कृपा करून पार्किंगसाठी झाडं तोडू नका, सिमेंटचे रस्ते आधीच तापतात, सावली गेली की कोणती गाडी घेतली तरी काय उपयोग? टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. ज्यांचं घर आणि काम दोन्ही मेट्रोच्या ऑरेंज लाईनजवळ आहे, त्यांनी तर गाडी घरीच ठेवावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक, बॅटरीवरच चालवत राहिलात तर टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल पडून राहतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. काका म्हणूनच टाकी फुल करत नाहीत, आणि साहेबांना रविवारी रामटेकला जायचं असलं की हायवेला मुद्दाम इंजिनवर नेतात. नमस्कार.