डेल्टिक : त्रिकोणी इंजिनाची धाव

[दृश्य : फलाटावरून निघणारे निळे लोकोमोटिव्ह, छतावर धुराचा लोट]

छतातून उसळणारा हा धूर बिघाडाची खूण नाही. डेल्टिक या ब्रिटिश डिझेल लोकोमोटिव्हची इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची आहेत. ती बराच वेळ संथ गतीने चालू राहिली की वंगणाचे तेल एग्झॉस्टच्या मार्गात साचत जाते आणि चालकाने जोर वाढवताच जळून असे बाहेर पडते. कॅमेरे रोखून उभे असलेले रेल्वेप्रेमी याच क्षणासाठी आलेले असतात.

[आरेखन : फिरते त्रिकोणी इंजिन]

नेपियर कंपनीने हे इंजिन मुळात ब्रिटिश नौदलाच्या वेगवान नौकांसाठी तयार केले. सिलिंडरांच्या तीन रांगा त्रिकोणाच्या तीन बाजूंवर आहेत, प्रत्येक कोपऱ्यात एक क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा, आहे आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावतात, म्हणजे १८ सिलिंडरांत ३६ पिस्टन. कागदावर ही मांडणी सुबक दिसली तरी तिन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरवले असता पिस्टनांच्या वेळा जुळेनात. नौदलाच्या प्रयोगशाळेतील पेनवॉर्डन यांनी एक शाफ्ट उलट दिशेने फिरवण्याचे सुचवले आणि पेच सुटला.

अशी दोन इंजिने बसवून इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये फिकट निळ्या रंगाचा नमुना रुळांवर आणला. त्यानंतर १९६१-६२ मध्ये बांधलेल्या २२ डेल्टिकांपैकी प्रत्येकाचे वजन सुमारे १०० टन आणि ताकद ३,३०० अश्वशक्ती होती. त्याच कंपनीचे क्लास ४० लोकोमोटिव्ह १३३ टनांचे असूनही २,००० अश्वशक्तीवर थांबत होते, यावरून हा फरक किती मोठा होता हे लक्षात येईल. शर्यतीचे घोडे आणि लष्करी पलटणी यांची नावे मिरवत ही लोकोमोटिव्ह लंडनच्या किंग्ज क्रॉसपासून एडिनबरापर्यंत ताशी १०० मैलांनी धावली. पुढे नव्या हायस्पीड गाड्या आल्या, २ जानेवारी १९८२ रोजी निरोपाची फेरी झाली आणि सोळा डेल्टिक मोडीत निघाली.

[दृश्य : बॅरो हिल, टर्नटेबल आणि शेड]

डर्बीशायरमधील बॅरो हिलच्या या गोल शेडमध्ये १८७० सालापासून टर्नटेबलभोवती, म्हणजे लोकोमोटिव्ह वळवणाऱ्या फिरत्या मंचाभोवती, चोवीस मार्ग आहेत. शेजारच्या इमारतीत डेल्टिक प्रिझर्व्हेशन सोसायटीचे काम चालते. विशेष म्हणजे ही संस्था १९७७ मध्ये, डेल्टिक अजून सेवेत असतानाच स्थापन झाली. ‘ऑलिसायडन’, ‘तुल्यार’ आणि ‘रॉयल हायलँड फ्युझिलियर’ ही तिची तीन लोकोमोटिव्ह. एवढ्या जुन्या यंत्रांवर डिझेल आणि पैसा का जाळावा, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. परंतु काचेआड उभ्या यंत्राचा फारतर आकार कळतो. तेलाचा दाब कोठे घसरतो आणि कोणता सांधा तापल्यावर झिरपतो हे ते चालवणाऱ्या आणि उघडून पाहणाऱ्या हातांनाच कळते.

[दृश्य : छोट्या रुळांवरील डेल्टिक, मग जवळून छत]

पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिलेल्यांना रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करण्याच्या छंदाची ओळख असेल. ब्रिटिश छंदिष्टांच्या ओओ प्रमाणात एका फुटासाठी चार मिलिमीटर धरतात, म्हणून साडेएकोणसत्तर फुटांचे डेल्टिक येथे २७८ मिलिमीटरचे होते. या हिशेबाने रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे, प्रत्यक्षात ते १६.५ असते. युरोपीय मापाचे रूळ ठेवून ब्रिटिश गाड्यांचे सांगाडे मात्र मोठे केले गेले, कारण त्या काळच्या विद्युत मोटारी लहान सांगाड्यात मावत नव्हत्या. ही तडजोड इतकी रुळली की खरे माप पाळणारे आपले रूळ आजही बहुधा स्वतःच्या हाताने जोडतात.

रूळ झाले की खडी पसरून पातळ केलेल्या गोंदाने चिकटवली जाते आणि मग लोकोमोटिव्हला धूळ, गंज, तेलाचे ओघळ यांचा रंग चढतो. छतावरचे काळे डाग कोठे गडद असावेत, हे चांगला कारागीर चालत्या डेल्टिकची छायाचित्रे पाहून ठरवतो. आत बसवलेल्या ध्वनियंत्रासाठी तर खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रणच लागते. थंड इंजिन सुरू होतानाची धडपड, संथ गुरगुर आणि वेग घेतानाची गर्जना अशा टप्प्यांनी ते घेतले जाते, आणि त्यासाठी कोणीतरी शेडमध्ये एक इंजिन चालू स्थितीत राखलेले असावे लागते.