अलॉय व्हील: रंगाआधीचं काम

रामराम मंडळी. मघाशी एका भाऊंनी विचारलं की मॅग व्हील, म्हणजे अलॉय व्हील, घरीच रंगवले, पावसाळा सरला आणि रंगाचे पापुद्रे निघाले. रंग खराब होता का? बहुतेक वेळा रंग ठीकच असतो. आधी हे विचारा, की खाली कोणता प्रायमर मारला होता? आपल्याकडे दुकानात प्रायमर मागितला की रेड ऑक्साइडचा डबा पुढे येतो. गेटला, ग्रिलला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तो चालतो, कारण तिथे लोखंड आहे. ॲल्युमिनियमवर तो टिकत नाही, भो.

अलॉय म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. लोखंड गंजलं तर डोळ्यांना दिसतं. ॲल्युमिनियम घासताक्षणी त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर चढतो आणि तो दिसतच नाही. ताजा असेपर्यंत तो आपल्या आड येत नाही. पण चाक दमट हवेत रात्रभर पडलं, की त्यावर ओल, धूळ, हाताचं तेल बसतं आणि प्रायमरची पकड तिथेच सुटते. म्हणून घासायचा शेवटचा सँडपेपर आणि पहिला प्रायमर एकाच बैठकीत. मी तर म्हणतो चार तासांच्या आत, आणि त्यातही लवकर.

आता घासण्याआधीचं काम, जे सगळे उलटं करतात. टायर पॉलिशमध्ये सिलिकोन असतं, म्हणजे तेलकट रसायन, अलॉयमधलं सिलिकॉन नव्हे. तसंच घासलं तर ते पेपरने ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. तेव्हा साबणपाणी, मग ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, आणि त्यानंतरच पेपर. सॉल्व्हंट एका फडक्याने लावायचं, सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. पेट्रोल नको, मागे तेलकटपणा राहतो. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. त्यातलं क्लोराइड फटीत राहिलं की रंगाखाली पोखरणं सुरू. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियम खातो. आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचं काय? वाळल्यावर बादलीला पांढरा थर बसतो ना? तोच क्षार चाकावर राहिला तर रंगाला फोड येतात. धुण्याचा शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, बॅटरीत घालतात तेच.

पेपर ८० किंवा १२० नंबरने सुरू करा, १८० वर या, २४० किंवा ३२० ला थांबा. गुळगुळीत करण्याच्या नादात पुढे गेलात तर प्रायमरला धरायला काही उरत नाही. लोखंडावर वापरलेला पेपर किंवा तारेचा ब्रश इथे आणू नका. लोखंडाचे कण रुतून राहतात आणि त्यांच्याभोवती गंज धरतो. घासून झालं की पुन्हा सॉल्व्हंट, आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही.

मग एचिंग प्रायमर. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड धातूला किंचित चावतं, म्हणून तो धरतो. पातळ मारायचा, १० मायक्रॉनच्या आसपास. खालचा धातू पुसट दिसला तरी चालेल. जाड मारला तर कमजोर होतो. त्यावर लांबी भरू नका, ॲसिडमुळे लांबी नीट कडक होत नाही. खरचटलेल्या कडांना लांबी लागणार असेल तर ती आधी, घासलेल्या धातूवर भरा. तडा गेला असेल तर लांबी नाहीच, ते चाक भंगारात. एचिंगवर भरीव, म्हणजे जाड बसणारा प्रायमर, तो ४०० ते ६०० ने घासायचा, मग रंग. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, प्रायमर किंवा लॅकर घेणाऱ्यांना सांगतो: बऱ्याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि नाकावरचा रुमाल काही कामाचा नाही. घरी तो उद्योग करूच नये, हे माझं मत.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हातलं चाक हाताला चटका देतं, त्यावर प्रायमर पोहोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत भुकटी बसते. हे काम दिवाळीनंतरचं, सकाळचं पण दव ओसरल्यावर, सावलीत. शेजारी मळणी चालू असेल तर दार लावा.

शेवटी मास्किंग. हबला टेकणारा मागचा पृष्ठभाग, मधलं भोक आणि नट बसतात त्या जागा कोऱ्याच ठेवा. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो, नट ढिले पडतात. चाक चढवताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) घेऊन गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला नट आवळा, आणि ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा.