‘देवाची इच्छा’ म्हणायची घाई

(उपवासकाळातल्या एका संध्याकाळी धर्मग्रामाच्या हॉलमध्ये झालेलं भाषण, थोडं नीट करून)

मागे ऐकू येतंय का? बरं. फादरांनी मला विषय दिलाय ‘प्रार्थनेतली चिकाटी आणि समर्पण’, वेळ दिलाय अर्धा तास, आणि त्यातली दहा मिनिटं स्वागत नि शालीत गेली. मार्चच्या उकाड्यात शाल, म्हणजे माझी तपश्चर्या तुम्हीच करून घेतलीत.

विषयावर येतोच, पण आधी एक राग आहे तो काढून घेतो. चर्चमध्ये बाकावर बसायला जावं तर तिथे झेरॉक्स कागदांचा गठ्ठा. संत ज्यूडचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवस सलग करायची प्रार्थना. खाली सूचना, की रोज 9 प्रती चर्चमध्ये ठेवा, असं 9 दिवस करा, म्हणजे 81, आणि नवव्या दिवसापर्यंत तुमची इच्छा पूर्ण. आता झेरॉक्सवाल्याची इच्छा पहिल्याच दिवशी पूर्ण होते हे मान्य, पण बाकीच्यांचं काय? आणि हल्ली तर कागदही नको, व्हॉट्सॲपवर येतं, पॉवरफुल नोव्हेना आहे, इतक्या जणांना पाठवा, मोडू नका. मोडलं तर काय, देव ब्लॉक करणार? बरं, संत ज्यूडनी बिचाऱ्यांनी यातलं काही सांगितलेलं नाही, त्यांचं नव्या करारात एक छोटंसं पत्र आहे, ते मात्र कोणी झेरॉक्स काढून ठेवत नाही.

आणि मुळात नोव्हेना आला कुठून? येशू स्वर्गात गेला तिथपासून पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, प्रेषित, पवित्र मरिया, बाकीच्या बायका यरुशलेमात माडीवर प्रार्थना करत थांबले, ते हे नऊ दिवस. पण त्यांना कुठे माहीत होतं नऊ आहेत ते? येशूने एवढंच सांगितलेलं, शहर सोडू नका, थांबा, थोड्याच दिवसांत आत्मा येईल. नऊ हा आकडा आपण मागाहून मोजलाय. त्यांच्यासाठी प्रत्येक सकाळ ‘आज तरी?’ अशीच असणार.

तर हे झाले एका टोकाचे लोक, देवाला डेडलाइन देणारे. दुसरं टोक मला जास्त खटकतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते दिसायला फार भक्तिभावाचं असतं. काही झालं की लगेच ‘देवाची इच्छा’. पोराला दारू लागली, देवाची इच्छा. सुनेचं पटत नाही, देवाची इच्छा. अरे तू विचारलंस कधी देवाला? ‘नमन मरिये’ची एक छोटी प्रार्थना नीट पूर्ण केलेली नसते आणि समर्पण करून मोकळे!

माझी एक मावशी होती. काकांचं पिणं. वसईत हे काही वेगळं सांगायला नको, लग्नात, बारशात, मयतानंतरसुद्धा बाटली असतेच, आणि हसू नका, मागच्या रांगेतले जास्त हसतायत. तर मावशी दर बुधवारी माहीमला जायची, सेंट मायकल चर्चला, तिथे 1948 पासून माऊलीचा, म्हणजे पवित्र मरियेचा, बुधवारचा नोव्हेना चालू आहे. गाडी विरारहूनच भरून यायची, त्यात घुसायचं, अंधेरीला उतरून स्लो पकडायची, कारण फास्ट माहीमला थांबत नाही. हातात कापडी पिशवी, तिच्यात मेणबत्त्या, चपातीचा डबा आणि विनंतीची चिठ्ठी. तिथे लोक विनंत्या लिहून टाकतात, आभाराची पत्रंही वाचून दाखवतात. मावशीची चिठ्ठी कायम एकाच ओळीची, ‘माझ्या नवऱ्याचं पिणं सुटू दे’. मी एकदा म्हटलं, अगं जरा सविस्तर लिही, तर म्हणाली, ‘माऊलीला काय घरचं माहीत नाही?’

वर्षं गेली. काका पीतच होते. मग शेजारणी सुरू झाल्या, सोड गं आता, देवाची इच्छाच असेल तशी. तेव्हा मावशी जे बोलली ते मी आजपर्यंत इतक्या प्रवचनांत ऐकलेलं नाही. म्हणाली, ‘इच्छा देवाची असेल तर देव मला सांगेल, तू कशाला निरोप घेऊन आलीस?’

आणि ही बाई नुसती माळ ओढत बसणारी नव्हती हां. पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभी राहायची. कपाटाची किल्ली कमरेला. शेवटी कुणाकडून तरी ए.ए.चं कळलं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, तर काकांना हाताला धरून मीटिंगला बसवून आली. आता बघा गंमत, त्यांच्याकडे पहिलीच पायरी काय, तर दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं, आणि तिसरी, आपली इच्छा देवाच्या हवाली करणं. म्हणजे इतकी वर्षं प्रार्थना करणार मावशी आणि समर्पण शिकले काका! मध्ये घसरले, पुन्हा गेले, पुढे सुटली. मावशीने आभाराचं पत्र टाकलं, तेही एकाच ओळीचं, आणि बुधवार काही बंद केला नाही. म्हटलं आता कशाला जातेस, तर म्हणे, ‘सवय झालीय रे तिला माझी’. तिला म्हणजे माऊलीला.

फादर घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? पाच. बरं, मग मुख्य मुद्दा पळतपळत.

गेथशेमानी बाग, येशूला पकडलं त्या रात्रीची. आपण तिथलं शेवटचं वाक्यच धरतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. पण त्याआधी येशूने सरळ मागितलंय, हा प्याला, म्हणजे हे दुःख, टळू दे. आणि संत मत्तय लिहितो की तो तीनदा गेला, तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलला. तेच शब्द! म्हणजे समर्पण मागण्याच्या बदली येत नाही, मागण्याच्या पोटातूनच येतं. जो मागतच नाही तो देवाच्या हवाली करणार तरी काय? संत लूकच्या 18व्या अध्यायातली ती विधवा बघा, न्यायासाठी सारखी येत राहते, शेवटी न्यायाधीश वैतागून न्याय देतो. येशूला अशी पिच्छा पुरवणारी बाई उदाहरण म्हणून चालते.

संत मोनिका, संत ऑगस्टीनची आई. ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला, आईने रात्रभर समुद्राकाठच्या चॅपेलमध्ये प्रार्थना केली की जाऊ नको, आणि हा तिला फसवून रात्रीच जहाजात बसला. प्रार्थना सपशेल फेल. पण त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला तिथले बिशप संत ॲम्ब्रोज यांच्यापर्यंत पोचला आणि 387च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीन स्वतः लिहितो की देवाने आईचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं, कारण ती आयुष्यभर जे मागत होती, पोराने ख्रिस्ती व्हावं, ते द्यायचं होतं. आता हे ऑगस्टीनला नंतर दिसलं, त्या रात्री किनाऱ्यावर मोनिकाला काय दिसलं असेल? रिकामा समुद्र.

आणि आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. त्याला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा सदस्य, व्हायचं होतं, त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, राबला, पण संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग व्यापार केला, तोही चांगला चालला. तिथे म्हणता आलं असतं, देवाची इच्छा, मी आपला व्यापारीच बरा. नाही म्हणाला. मनिलाला फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला, ब्रदर झाला, दुभाषा म्हणून परत जपानला गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597ला नागासाकीत 26 जणांना क्रुसावर दिलं त्यात हा होता. यावर खरं तर वेगळा अर्धा तास पाहिजे, पुढच्या वर्षी बोलवा, शाल नको.

क्रुसाच्या वाटेची प्रार्थना सुरू व्हायचीय, सगळे उठायला लागलेत. ज्यांना वाचायचंय त्यांनी ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चं पाचवं पुस्तक काढा, आठवा अध्याय, दोन पानांचा पण नाही.