गीझर पेटत नाही? आधी पाणी बघा

मंडळी, गॅस गीझरला गरम पाणी येत नसलं की आपल्याकडे पहिला संशय सिलिंडरवर, दुसरा सेलवर. सिलिंडर उचलून बघायचा, मग बाजारात जाऊन नवे सेल आणायचे, तरी नाही पेटला की मेकॅनिकला फोन, "गीझर पेटणा नाय, नवीन घेऊचो काय?" आणि मी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाऊन बघतो तर बऱ्याचदा गॅस आहे, सेलही बरे आहेत, गीझरपर्यंत धड पाणीच पोचत नाहीये. म्हणून आज तुम्हाला एकच गोष्ट पक्की करून द्यायचीय, की गीझर ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने बिघाड शोधायचा, म्हणजे पाणी, मग ठिणगी, मग ज्योत. जिथे गाडी थांबली तिथेच बघायचं, पुढचं उगाच खोलायचं नाही.

चालतो कसा ते आधी बघू. नळ सोडला की पाणी खालच्या व्हॉल्व्हमध्ये येतं, तिथे रबराचा एक पडदा असतो, डायफ्राम म्हणतात त्याला, पाण्याच्या दाबाने तो फुगतो आणि एक पिन बाहेर ढकलतो, ती पिन मायक्रोस्विच दाबते, की टिकटिक सुरू आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे पाण्याला जोर नसेल तर टिकटिकच होणार नाही. आता आपली टाकी कुठे असते बघा, कौलारू घर असलं तर टाकी मागच्या चिऱ्याच्या चौथऱ्यावर, न्हाणीच्या नळापासून जेमतेम सहा-सात फूट वर. १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो, तर २ मीटरला मिळणार ०.२ बार, आणि बऱ्याच गीझरना पेटायलाच कमीत कमी साधारण तेवढा लागतो. म्हणजे मुळातच काठावर, त्यात जाळीत थोडा कचरा अडकला की संपलं.

ही जाळी म्हणजे थंड पाणी गीझरला जिथून जातं तिथल्या नटाच्या आतली छोटी गाळणी. पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल होतं, तो गाळ टाकीत, टाकीतून इथे. कॉक बंद करा, नट सोडवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा, यात धोका काही नाही आणि कोणीही करू शकतं. त्याच्याही आधी एक सोपी परीक्षा आहे, शॉवर बंद करून खालचा बादलीचा नळ सोडून बघा. नळावर पेटला आणि शॉवरवर नाही, तर गीझर उत्तम आहे, शॉवरची भोकं क्षाराने बुजलीत. खाडीकाठच्या घरांत हे हमखास.

पाणी जोरात आहे पण टिकटिक नाही, तर आता सेल. मोठे दोन, दीड-दीड व्होल्टचे, दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना नको. पण नुसते सेल बदलून भागत नाही, सेलच्या डब्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या बघा. आपला खारा वारा कशालाच सोडत नाही, पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, मग सेल घाला. तरी गप्प असेल तर पिन अडकली असेल किंवा मायक्रोस्विच गंजला असेल, ते काम मेकॅनिकचं. गीझरच्या खालून थेंब थेंब गळत असेल तर डायफ्राम फाटल्याची शंका घ्या.

टिकटिक होते पण पेटत नाही, तर मग सिलिंडरकडे जा. रेग्युलेटर चालू आहे ना, नळी कुठे मुडपली नाही ना, सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ बंद-चालू केला की पेटतो. सेल अर्धवट उतरलेले असले तर ठिणगी पडते पण गॅसचा व्हॉल्व्ह धरून ठेवायला ताकद पुरत नाही, हे पण लक्षात ठेवा. आणि होमस्टेवाल्यांसाठी खास, चार महिने रूम बंद राहिली की बर्नरच्या नोझलमध्ये कोळी जाळं करतो, कधी कुंभारीण मातीचं घर बांधते, एवढ्याशा भोकात. पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी सळई काजळलेली असते, किंवा गीझर समुद्राच्या तोंडाला लावलाय आणि वारा ज्योत उडवतोय. बऱ्याच मॉडेलमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, तो बिघाड नाही, ती वाढवायला मेकॅनिकला सांगू नका, कृपा करून.

का, ते जरा नीट ऐका. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर तासाला साधारण किलोभर गॅस जळतो. एक किलो गॅस पुरा जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. आणि ५ बाय ६ ची, ८ फूट उंच न्हाणी म्हणजे सगळी मिळून जेमतेम ७ घनमीटर हवा. २० मिनिटांत त्यातली निम्म्याहून जास्त हवा गीझरच्या ज्योतीला लागते, दार बंद, खिडकी बंद, आत माणूस आंघोळ करतोय. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटीहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, कडी काढायचं भान राहत नाही. अशाने माणसं गेलीत, धडधाकट तरुण माणसं. गीझर न्हाणीच्या बाहेर, पडवीत किंवा मागच्या मोकळ्या भिंतीवर, वाऱ्याला आडोसा करून पण हवा खेळती ठेवून, आत फक्त पाण्याचा पाइप. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की त्या दिवशी गीझर बंद.

पुढे बसलेल्या वहिनींनी विचारलं, पेटतो पण पाणी कोमटच येतं. वहिनी, आधी पाण्याचं बटण कमी करून बघा, पाणी जितकं जोरात तितकं कमी तापणार. शेगडी आणि गीझर एकाच सिलिंडरवर असेल तर शेगडी बंद करून बघा, फरक पडला तर गॅस कमी पडतोय. दोन्हीने फरक नाही तर आत तांब्याच्या नळीत क्षार बसलाय, डीस्केलिंग करून घ्यायचं, वर्षातून एकदा, विहीर खाडीजवळ असेल तर त्याहून लवकर.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटचं बटण चालू-बंद काहीही नाही, घराबाहेर यायचं आणि १९०६ ला फोन. तो नंबर चोवीस तास चालतो.