प्रार्थनाच होत नाही, तेव्हा

प्रभूमध्ये प्रिय श्रोत्यांनो, सलाम. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत असाल, नवापूर-चिंचपाड्याकडे असाल, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात असाल, जिथे असाल तिथे थोडा वेळ रेडिओजवळ बसा. आज मला त्यांच्याशी बोलायचंय ज्यांच्याकडून प्रार्थनाच होत नाहीये. गुडघे टेकतात, डोळे मिटतात, आणि "हे प्रभू"च्या पुढे शब्दच फुटत नाही.

असे लोक आपल्या मंडळीत भरपूर आहेत हो, फक्त सांगत नाहीत. रविवारी उपासनेला येतात, गीतं म्हणतात, दारात कोणी विचारलं तर "प्रभूच्या कृपेने बरं चाललंय" म्हणतात आणि घरी निघून जातात. घरी काय असतं? वादळात उभी केळी आडवी झालेली, बँकेचा हप्ता तसाच, कोणाच्या घरात दारू शिरलेली, कोणाची पोरगी एवढे उपास-प्रार्थना करून पण बरी होत नाही. आणि त्यात कोणीतरी येऊन ऐकवून जातं की तुझा विश्वासच कमी पडतोय, कुठेतरी पाप लपलं असेल बघ. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. बायबलमधल्या ईयोबावर दुःखाचा डोंगर कोसळला तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याला नेमकं हेच ऐकवलं होतं, आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी, 42व्या अध्यायात, देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाबद्दल मात्र देव म्हणाला की हा माझ्याविषयी योग्य ते बोलला.

म्हणजे देवाजवळ तक्रार करणं ही पण प्रार्थनाच आहे. स्तोत्र 13 काढून बघा, फक्त 6 वचनं आहेत, आणि पहिल्या दोनातच दावीद चार वेळा विचारतो, कुठवर देवा, कुठवर? स्तोत्र 88 तर त्याहून कठीण, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. आणि खुद्द आपला प्रभू येशू धरला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत तीनदा प्रार्थनेला गेला तेव्हा तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलला असं मत्तय लिहितो. नवीन शब्द सुचत नसतील तर जुनेच बोला, प्रभूने पण तेच केलं.

साक्रीकडच्या एका आजींची प्रार्थना मी ऐकलीये. त्यांचा तरणा मुलगा गेलेला. घरगुती प्रार्थना होती, ओसरीत सतरंजी टाकलेली, पाळकसाहेबांनी शुद्ध मराठीत चांगली मोठी प्रार्थना केली, मग आजींची पाळी आली तर त्या पदर डोक्यावर ओढून बराच वेळ गप्पच, आणि मग अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "देवा, तू कथा शेस रे? माले काही दिसत नही." म्हणजे, देवा, तू कुठे आहेस रे, मला काही दिसत नाही. आमेनसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही, ते शेजारणीने म्हटलं. त्या ओसरीत त्या दिवशी याहून खरी प्रार्थना झाली नाही असं मी मानतो.

त्या शेजारणीसारखंच मार्कच्या शुभवर्तमानात, 2ऱ्या अध्यायात आहे. पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकून बाज खाली सोडली, आणि येशूने त्या सगळ्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय, एकट्या आजारी माणसाचा नाही. तेव्हा तुमच्याकडून होत नसेल तर कोणाला तरी सांगा, ताई, दादा, सध्या माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना करा, मला जमत नाहीये.

आणि शरीराकडे पण लक्ष द्या. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला, तर देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, खा म्हणाला, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. देवाच्या डोंगरापर्यंतची, होरेबापर्यंतची 40 दिवसांची वाट त्यानंतरची. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, त्यावर कधीही फोन करा. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही, कोणी काहीही म्हणो.

आता ज्यांचं बरं चाललंय त्यांना एक विनंती. तुमच्या घरी कोणी असं मन मोकळं करायला आलं तर लगेच बायबल उघडून वचन दाखवू नका. चहा ठेवा, जेवायची वेळ असेल तर कळण्याची भाकर आणि ठेचा वाढा, पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, आणि निघताना विचारा, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? हो म्हणाला तर तिथेच करा, दोन वाक्यांची चालेल, नाव घेऊन करा. आणि तीन-चार दिवसांनी फोन करा, हे फार जण विसरतात.

सलाम, प्रभू तुमच्याबरोबर असो.